तिकडचा पोळा

“मॅडम, हिरवंच दाखवायलंय,” सिस्टर नसीमनं टॅब माझ्यापुढे धरला. “पण मला काही बरं वाटंना.”

बोरटाकळीच्या उपकेंद्रातल्या खाटेवर अयोध्या डाव्या कुशीवर निजली होती. बावीस वर्षांची, पहिलटकरीण. पायाशी तिची सासू गयाबाई उभी होती. तिनं सुनेची दोन्ही पावलं घट्ट धरून ठेवली होती.

“कालपासून लेकरू हालंना झालंय,” गयाबाई म्हणाली. “सोमवारी मी तुमाला सांगून गेले, दिस भरून गेलेत म्हणून. तुमी म्हणलात, अजून टाइम हाय.”

सोमवारी मी तसं म्हणाले होते, हे खरं. मी टॅबवर पुन्हा नजर टाकली. अडतिसावा आठवडा, बाळंतपणाची तारीख सात जुलै, आणि कोपऱ्यात सगळं ठीक असल्याचा हिरवा ठिपका. त्या दिवशी जूनची तेवीस तारीख होती. म्हणजे अजून चौदा दिवस होते.

“कितवा महिना म्हणता तुम्ही?”

“नऊ म्हैने नऊ दिस कवाच सरले. दहावा चालू हाय.”

“गयाबाई, तुम्ही बायका चढता महिना सांगता. महिना नुसता लागला की तो भरला म्हणून धरता. त्यातून एक वजा करायचा. तिला नववा चालू आहे.”

“मला मोजता येत न्हाई व्हय?”

“येतं की. फक्त एक जास्त येतं.”

हे माझं ठरलेलं वाक्य होतं. प्रशिक्षणात ते म्हटलं की सगळ्या सिस्टर हसायच्या. नसीम मात्र त्या दिवशी हसली नाही. ठोके ऐकायचं यंत्र तिनं अयोध्याच्या पोटावर ठेवलं, थोडं सरकवलं, परत सरकवलं. खोलीत फक्त खरखर येत होती. मग ठोके लागले. मी घड्याळ धरून मोजले. एकशे सहा. शंभराच्या वर असले तरी बाळाच्या मानानं ते संथच होते. पुन्हा मोजले, एकशे चार.

“शेवंताचंही हिरवंच दाखवत होतं मॅडम,” नसीम हळू आवाजात म्हणाली. शेवंताचं बाळ वाचलं नव्हतं.

“शेवंताची गोष्ट वेगळी. तिनं नवव्यात हंडे उचलले.” मी जरा फटकारूनच बोलले. “गाडी बघ.”

मी फटकारून बोलते तेव्हा घाबरलेली असते, हे माझ्या घरच्यांना ठाऊक आहे. नसीमला तेव्हा ठाऊक नव्हतं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं होतील. मी निवृत्त होऊन घरी बसले आहे आणि गुडघ्यांना तेल लावते आहे. तेव्हा मात्र माझा भाव भलताच वधारलेला होता. मी मंदाकिनी डुंबरे. जुन्नरकडच्या डोंगरातल्या एका उपकेंद्रात सव्वीस वर्षं सिस्टर होते, आणि ‘ओटी’ नावाचं जे अॅप त्या टॅबवर चालत होतं, त्याच्या मुळाशी माझीच एक वही होती.

झालं होतं असं. गरोदर बाईला विचारलं, शेवटची पाळी कधी आली, तर ती तारीख सांगत नाही. “लई दिस झाले” म्हणते आणि पदर तोंडाला लावते. पण त्याच बाईला विचारा, “गेल्या वर्षी कोणत्या सणाला तुला बाहेर बसावं लागलं?” की ती घडाघडा बोलायला लागते. घरात पुरण शिजतंय, सगळ्यांची लगबग चाललीय आणि आपण एकटीच कडेला बसलोय, हे बाई जन्मभर विसरत नाही. कोणत्या नणंदेनं वरून ताट वाढलं आणि वाढताना काय टोमणा मारला, तेही ती सांगते. मी माझ्या वहीत सण आणि त्यांच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावरून हिशेब धरत होते. तो हिशेब सोनोग्राफीच्या तारखेला दोन-चार दिवसांच्या फरकानं जुळायचा.

पुण्यातल्या एका संस्थेला त्या वहीचा पत्ता लागला. त्यांनी निरंजन नावाचा एक शांत मुलगा पाठवला. तो आठवडाभर माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून लॅपटॉपवर सण भरत होता. एका सणाच्या तारखेवरून त्याची नि माझी चांगलीच जुंपली. मी त्याला गप्प केलं आणि तारीख माझीच राहिली. दोन वर्षं आमच्या तालुक्यात ओटी चालली आणि वीसपैकी एकोणीस बायकांची तारीख बरोबर निघाली. मुंबईहून साहेब आले, टाळ्या झाल्या, माझा फोटो निघाला. मग ठरलं की ओटी आता दुसरीकडेही न्यायची. आधी मराठवाड्यातला हा एक तालुका घ्यायचा, आणि तो नीट चालला की एकदम अकरा जिल्हे. जानेवारीत मला इथे शिकवायला पाठवलं. अकरा जिल्ह्यांचा मुहूर्त ठरला होता सत्तावीस जूनचा, सोमवारचा. अयोध्याला आणलं तो गुरुवार होता.

रुग्णवाहिका दुसऱ्या एका बाईला घेऊन जिल्ह्याच्या गावी गेली होती. नसीमनं गावातली काळीपिवळी जीप आणली. मागच्या सीटवर अयोध्याला निजवलं, तिचं डोकं गयाबाईच्या मांडीवर. समोरच्या बाकड्यावर मी आणि नसीम. ग्रामीण रुग्णालय अठ्ठावीस किलोमीटर होतं. दुपारचे दोन वाजले होते. तिथले भूल देणारे डॉक्टर चारला दुसऱ्या गावी निघतात, हे नसीमनं जीपमध्ये चढताचढता सांगितलं.

“ऑपरेशन कशाला लागतंय?” मी म्हणाले. “अडतीस आठवडेच झालेत. नीट बघतील, सलाईन लावतील. कुणी उगाच पोट फाडत नाही.”

“व्हय मॅडम,” नसीम म्हणाली आणि तिनं यंत्र परत पोटावर धरलं. जीपच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. ती तरी कान लावून बसली.

अयोध्या एकदाच बोलली. “सिस्टर, हालत न्हाई म्हंजी झोपलं असंल का?”

“झोपलं असेल गं,” मी म्हणाले.

मला एक गोष्ट छळायला लागली. ठोके मंद, हालचाल नाही, हे सगळं दिवस उलटून गेलेल्या बाळाचं लक्षण. अडतिसाव्या आठवड्यात ते का व्हावं? पोटही पहिल्यापासून तारखेच्या मानानं मोठं होतं. बाळ अंगानं भरलंय, असं मी म्हणत आले होते. सोनोग्राफी एकदाच झाली होती, तीही उशिरा. तिच्यातही बाळ मोठं दिसलं होतं. पण उशिराच्या सोनोग्राफीवरून तारीख बदलायची नाही, हे आम्हीच सगळ्यांना शिकवत होतो. म्हणून ती मी बाजूला ठेवली होती. शिवाय त्या जूनमध्ये तालुक्यातल्या सहा बायका ओटीच्या तारखेच्या महिनाभर आधी बाळंत झाल्या होत्या आणि लेकरं तीन-तीन किलोंची होती. “मॅडम, आमच्याकडची लेकरं आठव्यातच पिकून येतात बघा,” असं नसीम म्हणाली होती आणि मी हसले होते. वर अहवालात लिहिलंही होतं, की या भागात वेळेआधीच्या प्रसूती जास्त, मात्र बाळांचं वजन समाधानकारक. समाधानकारक! माझी अक्कल तेव्हा कुठे शेण खायला गेली होती, देव जाणे.

“गयाबाई,” मी म्हणाले, “नोंद केली तेव्हा अयोध्यानं पोळा सांगितला होता. पोळ्याच्या दिवशीच बाहेर बसली होती ना? की दुसरा कुठला सण होता?”

“पोळाच. मला इचारा की.” जीप खड्ड्यात आदळली, तशी तिनं सुनेचं डोकं सावरलं. “पुरण चुलीवर, बैल दारात, अन् ही म्हणती मला बसावं लागंल. घरात दुसरी बाई न्हाई. मीच पोळ्या लाटल्या, मीच बैलं ओवाळली. माझ्या कमरंचा भुगा झाला त्या दिशी.”

“नक्की?”

“आता तुमाला काय लिहून देऊ? हरतालकीला डोक्यावरनं न्हाली अन् दुसऱ्या दिशी गणपतीचा निवद हिनंच केला. लई गोड केला व्हता.”

मी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघायला लागले. बोटांवर मोजायची मला सवय आहे. पोळा, बाहेर बसली. चौथ्या दिवशी न्हाली. मग गणपती. माझं बोट तिथेच अडकलं.

आमच्याकडे गणपती बसतात, विसर्जन होतं, पितरांची जेवणं होतात, आणि विसर्जनानंतर पंधरा-सोळा दिवसांनी, सर्वपित्रीच्या अमावस्येला पोळा येतो. पोळ्यानंतर चार दिवसांनी गणपती कसा असेल?

“कोणत्या गणपतीचा नैवेद्य?”

“कोणत्या म्हंजी? वर्साला किती गणपती बसतात तुमच्याकडं?”

“पण पोळा तर गणपतीनंतर येतो.”

गयाबाईनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मला उन्हाची भोवळ आली होती. नसीमनं यंत्र खाली ठेवलं.

“न्हाई मॅडम,” ती म्हणाली. “आमच्याकडं पोळा झाला की चार दिवसांनी गणपती. माझे अब्बा बाजारात झुली अन् गोंडे विकतात की. पोळा सरला की त्याच पालात गणपतीचं सामान लावतात. लहानपणापासून बघायले मी. पोळा श्रावणातल्या अवसेला असतो.”

श्रावणातला पोळा मला माहीत नव्हता, असं नाही. दिनदर्शिकेत तो दर वर्षी छापलेला असतो. आमच्या घरात त्याला ‘तिकडचा पोळा’ म्हणतात आणि सोडून देतात. आमचे बैल भाद्रपदाच्या अमावस्येलाच सजतात. निरंजन माझ्या स्वयंपाकघरात कॅलेंडर घेऊन हेच म्हणाला होता. “सिस्टर, यात पोळा महिनाभर आधी दाखवलाय. दोन्ही ठेवूया का?” आणि मी लाटणं हातात घेऊनच त्याला म्हणाले होते, “कॅलेंडर छापणाऱ्यांनी कधी बैल धुतलाय का? पोळा एकच. सर्वपित्रीला. लिही.” त्यानं लिहिलं. आमच्या तालुक्यात ते बरोबरच होतं.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण त्याच हंडीतल्या भाताची. मी एका हंडीतलं शीत चेपून दुसऱ्याच हंडीचा भात शिजला म्हणून सांगत फिरत होते.

मी बोटांवर पुन्हा मोजलं. मला आकडे माहीत होते, तरी मोजलं. श्रावण अमावस्येपासून धरलं तर अयोध्याची तारीख आठ जूनलाच उलटली होती. तिला अडतिसावा आठवडा नव्हता. बेचाळीस भरून वर एक दिवस झाला होता. गयाबाईनं एकही महिना जास्त मोजला नव्हता.

“जोरात घ्या,” मी ड्रायव्हरला म्हणाले. त्याला ऐकू गेलं नाही. नसीमनं तेच ओरडून सांगितलं.

मला आयुष्यात अनेकदा भीती वाटली आहे. अंगावर रक्त उडालेलं आहे, हातात निळं पोर धरलेलं आहे. पण ती भीती समोरून आलेली असते. जीपमध्ये बसल्यावर मला कळलं की या वेळची भीती मीच घालून ठेवलेली होती, स्वतःच्या हातानं, टाळ्या घेत.

रुग्णालयात पोचलो तेव्हा सव्वातीन झाले होते. डॉक्टर बिडवे नावाची तिशीची मुलगी ड्यूटीवर होती. माझ्या मागच्या महिन्यातल्या प्रशिक्षणाला ती पहिल्या रांगेत बसली होती. तिनं अयोध्याला तपासलं, ठोके ऐकले आणि नसीमच्या हातातला टॅब घेतला.

“अडतीस. हिरवा,” ती म्हणाली. “ठोके थोडे कमी आहेत. कुशीवर झोपवा, ऑक्सिजन लावा, दर अर्ध्या तासानं बघू. अडतिसाव्याला पहिलटकरणीचं सिझर केलं आणि बाळाला श्वास जमला नाही, तर मला कोण विचारेल माहीत आहे ना? इथे बाळाचे डॉक्टर नाहीत.”

“डॉक्टर, ती बेचाळीसची आहे.”

“टॅबवर अडतीस आहे.”

“टॅब चुकलाय.”

तिनं मान वर केली. “मॅडम, तुमचंच अॅप आहे. तुम्हीच सांगितलंत, बायका मोजतात त्यात एक जास्त येतं, ओटी बघा. मी वहीत लिहून घेतलंय.”

“मी चुकीचं सांगितलं.”

“म्हणजे?”

मला तिथे पोळ्याची गोष्ट सांगावी लागली. उभ्या उभ्या, घाईघाईनं, बैल आणि पितर आणि गणपती. बोलताना मला माझंच बोलणं वेड्या बाईचं वाटत होतं. बिडवेनं वॉर्डातल्या मावशींना हाक मारली. “मावशी, तुमच्याकडं पोळा कधी असतो?”

“गणपतीच्या आदी की,” मावशी म्हणाल्या आणि बादली घेऊन पुढे गेल्या.

बिडवेनं घड्याळाकडे बघितलं. साडेतीनला दहा कमी.

“उद्या काही झालं तर ओटीनं अडतीस दाखवले होते आणि मी ऐकलं नाही, असं होईल,” ती म्हणाली.

“नाही होणार. कागद द्या.”

मी लिहून दिलं. या बाईची ओटीतली तारीख माझ्या चुकीमुळे एक महिना पुढची पडली आहे, प्रत्यक्षात बेचाळीस आठवडे पूर्ण आहेत, याची जबाबदारी माझी. खाली सही केली. घाईत डुंबरेतला अनुस्वार दुसऱ्याच अक्षरावर जाऊन पडला. बिडवेनं कागद घडी करून खिशात घातला आणि भूलवाल्या डॉक्टरांना थांबवायला ती जवळजवळ पळतच गेली.

अयोध्याला आत नेलं. गयाबाई दाराशी भिंतीला टेकून खाली बसली. मीही तिच्याशेजारी फरशीवर बसले. नसीम उभीच राहिली.

“नसीम,” मी म्हणाले, “ओटीत पोळा सांगितलेल्या सगळ्या बायका काढ.”

तिनं बोट फिरवलं. “अकरा आहेत, मॅडम.”

“वाच.”

ती एकेक नाव वाचत गेली. पहिली सहा बाळंत झालेली, तीच ती तीन-तीन किलोंची, वेळेआधी आलेली लेकरं. बिचारी अगदी वेळेवर आली होती. मग तिघी अजून घरी होत्या, हिरव्या ठिपक्याच्या. “त्यांना आत्ता फोन लाव, आज संध्याकाळपर्यंत इथे आण,” मी म्हणाले. दहावी अयोध्या.

अकरावं नाव नसीमनं वाचलं नाही. टॅब माझ्याकडे केला.

शेवंता. पोळ्याच्या आठ दिवस आधी.

शेवंता बोरटाकळीच्याच वरच्या आळीतली. दहा दिवसांपूर्वी तिचं बाळ पोटातच गेलं होतं. त्याआधी ती दोनदा उपकेंद्रात येऊन म्हणाली होती की दिवस भरून गेलेत. दोन्ही वेळेला मी तिला एक वजा करायला शिकवून परत पाठवलं होतं. आणि बाळ गेल्यावर मी तिच्या घरी गेले होते, तिच्या सासूसमोर उभी राहून तिला विचारलं होतं, “नवव्यात कुणी हंडे उचलतं का गं?” सासूनं मान हलवली होती.

मी टॅब पालथा करून फरशीवर ठेवला.

आत काय चाललंय ते कळत नव्हतं. दाराच्या काचेवर कागद चिकटवलेला होता. एकदा बिडवेचा आवाज आला, “पाणी हिरवं आहे, हिरवं आहे, सक्शन द्या.” बाळानं पोटातच शी केली की पाणी हिरवं होतं, हे मला सव्वीस वर्षं माहीत होतं. गयाबाईला माहीत नव्हतं. ती माझ्याकडे वळली.

“हिरवं म्हंजी चांगलं ना, बाई? तुमच्या डब्यावर बी हिरवंच व्हतं.”

मी तिचा हात धरला. तिनंही धरू दिला. पुढची काही मिनिटं मी फक्त कान देऊन बसले होते. आतून भांड्यांचा आवाज, पावलांचा आवाज, पुन्हा भांड्यांचा. रडण्याचा आवाज येत नव्हता. मी कुलदैवताचं नाव घ्यायला गेले तर तेसुद्धा आठवेना, इतकी मी भ्याले होते.

मग एक खोकल्यासारखा आवाज आला. थांबला. आणि मग बारीक, चिरका, रागावलेला टाहो.

गयाबाई माझा हात सोडून दारावरच धडकली.

मुलगी होती. अंगाची कातडी सुरकुतलेली, ठिकठिकाणी सोललेली, म्हाताऱ्या बाईसारखी. बिडवेनं तिला कपड्यात गुंडाळून बाहेर आणलं आणि तिचा एक हात बाहेर काढून माझ्यापुढे धरला. बोटांवर नखं चांगली वाढलेली होती, बोटांच्या पुढे आलेली. पोटात वाट बघूनबघून वाढलेली. गयाबाईनं ती नखं बघितली आणि माझ्याकडे बघितलं.

“मी म्हणलं व्हतं,” ती म्हणाली. एवढंच. त्यात राग नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

मी बाहेर आवारात येऊन निरंजनला फोन लावला.

“सिस्टर, बोला! सोमवारची सगळी तयारी झाली. तुमचा व्हिडिओपण पहिल्या पानावर—”

“थांबव ते.”

“काय?”

“अकरा जिल्हे थांबव. पोळा चुकलाय.”

तो हळूच म्हणाला, “सिस्टर, मी तेव्हा विचारलं होतं.”

“हो रे बाळा. विचारलं होतंस.”

“त्या अकरापैकी सात जिल्ह्यांत पोळा श्रावणात असेल,” तो म्हणाला. त्याचाही आवाज बदलला होता. “साहेबांना काय सांगू?”

“माझं नाव सांग. डुंबरे सिस्टरनं चूक केली म्हणून सांग. आणि आणखी कुठले सण इकडचे तिकडे आहेत, ते त्या त्या गावच्या बायकांना विचारल्याशिवाय एकही तारीख ठेवू नको. मलासुद्धा विचारू नको.”

सोमवारचा मुहूर्त टळला. ओटी पुढे वर्षभरानं निघाली. आता तिच्यात बाईनं सण सांगितला की आधी दुसरा प्रश्न येतो, तुमच्या गावात हा सण कोणत्या सणाच्या आधी येतो आणि कोणत्याच्या नंतर. पहिल्या पानावरचा माझा व्हिडिओ काढून टाकला. ते बरंच झालं. त्या तिघींपैकी एक त्याच रात्री बाळंत झाली, दोघी दोन दिवसांत. तिन्ही लेकरं नीट आहेत.

पण मला अजून एका घरी जायचं होतं. शुक्रवारी सकाळी मी नसीमला म्हणाले, “तू चल.” ती म्हणाली, “मॅडम, नाही गेलं तर कुणाला कळणार पण न्हाई.” मला वाचवायलाच म्हणाली बिचारी. आम्ही दोघी वरच्या आळीला गेलो.

शेवंता अंगणात तांदूळ निवडत बसली होती. आम्हाला बघून तिनं पदर सावरला आणि सूप बाजूला केलं. आतून तिच्या सासूच्या खोकल्याचा आवाज येत होता. मी जमिनीवर बसले. डॉक्टरसमोर सही करताना वाटली नव्हती इतकी भीती मला त्या पोरीसमोर वाटली.

मी तिला सगळं सांगितलं. पोळा, आमचा आणि इथला. तिची तारीख मे महिन्यातच भरली होती. ती दोनदा आली तेव्हा तिचं बरोबर होतं. मी तिला परत पाठवलं नसतं तर बाळ वाचलं असतं, बहुतेक वाचलं असतं. “बहुतेक” हा शब्द मी गाळणार होते, पण गाळला नाही.

ती ऐकत होती. ती मला शिव्या देईल, सूप फेकून मारेल, असं मला वाटलं होतं. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

“म्हंजी,” तिनं विचारलं, “मी हंडे उचलले म्हणून न्हाई?”

“नाही.”

“उन्हात गेले म्हणून बी न्हाई?”

“नाही गं. तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं.”

शेवंतानं आतल्या दाराकडे बघितलं. खोकला थांबला होता. ती माझ्याकडे थोडी सरकली.

“सिस्टर,” ती म्हणाली, “आता हे परत एकदा सांगा. मोठ्यानं सांगा. आत ऐकू जाईल असं सांगा.”

मी उठून उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं.